ट्रॉन
ट्रॉन : संगणकाने रेखाटलेल्या दृश्यांचा विस्तृत प्रमाणावर उपयोग करणारा आरंभीचा अमेरिकन विज्ञानपट. वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स या संस्थेचा हा चित्रपट ९ जुलै १९८२ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक स्टीव्हन लिस्बर्गर. जेफ ब्रिजेस, ब्रूस बॉक्सलाइटनर व डेव्हिड वॉर्नर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. लांबी ९६ मिनिटे.

केव्हिन फ्लिन या तरुण आज्ञावलीकाराने रचलेले खेळ त्याच्या कंपनीतील एक अधिकारी स्वतःच्या नावावर खपवितो. त्याचा पुरावा शोधताना लेसर किरणांच्या योगे फ्लिन स्वतःच संगणकाच्या अंतर्भागात ओढला जातो. तेथे आज्ञावल्या मनुष्यरूपाने वावरतात आणि प्रमुख नियंत्रक आज्ञावली त्यांना जीवघेणे खेळ खेळावयास लावते. ट्रॉन या सुरक्षा-आज्ञावलीच्या साहाय्याने फ्लिन तिचा पाडाव करतो, असे थोडक्यात कथानक आहे.

पूर्वपीठिका : १९७२ मध्ये यूटा विद्यापीठात एड कॅटमल व फ्रेड पार्क यांनी हाताच्या पंजाचे त्रिमितीय संगणकचित्र हालते करून दाखविले होते. वेस्टवर्ल्ड (१९७३) या चित्रपटात यंत्रमानवाला दिसणारे जग संगणकाने लहान लहान चौकोनांत विभागून दाखविण्यात आले. फ्यूचरवर्ल्ड (१९७६) मध्ये उपरोक्त पंजाचे चित्र वापरण्यात आले, तर स्टार वॉर्स (१९७७) मध्ये शत्रूच्या तळाचा आराखडा संगणकीय रेषाचित्राने दाखविला आहे. तथापि हे सर्व प्रयोग काही सेकंदांचे वा फार तर एकदोन मिनिटांचे होते. ट्रॉनमध्ये अशी दृश्ये सुमारे १५ मिनिटांची आहेत [⟶ संगणक].

तंत्र : हे काम चार संस्थांमध्ये वाटून देण्यात आले. त्यांपैकी मॅगी ही संस्था मूलतः किरणोत्सर्गाच्या परिणामांचे गणित मांडण्यासाठी स्थापन झाली होती. किरणांचा मार्ग आकडेमोडीने शोधण्याची तिची पद्धत पुढे प्रकाशकिरणांना लावण्यात आली. गोल, घन, शंकू व दंडगोल यांसारखे भूमितीय आकार एकमेकांत मिळवून वा एकमेकांतून वजा करून तिने चित्रपटातील सुप्रसिद्ध प्रकाशदुचाक्या तयार केल्या. ट्रिपल-आय या संस्थेने सपाट बहुकोनांच्या जुळणीतून अधिक गुंतागुंतीचे आकार घडविले. स्मृतिक्षमता अत्यल्प असल्याने पार्श्वभूमी बहुधा काळी ठेवावी लागली आणि दूरच्या वस्तू अंधारात विरत जातील अशी योजना करण्यात आली.

या चित्रांना गती देणे हे बव्हंशी हातकाम होते. वस्तूचे स्थान सांगण्यास तीन व तिचे वळण सांगण्यास तीन, असे सहा अंक प्रत्येक चौकटीसाठी लागत. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असल्याने केवळ चार सेकंदांच्या दृश्यात एकाच वस्तूसाठी ५७६ अंक होत. ते कागदावर मांडून मग संगणकात भरले जात. संगणकाने काढलेले प्रत्येक चित्र पडद्यावरून एकेक चौकट करून फिल्मवर उतरविण्यात येई.

नटांच्या अंगावर झळकणाऱ्या प्रकाशरेषा मात्र संगणकाने काढलेल्या नाहीत. हे प्रसंग काळ्या-पांढऱ्या ६५ मिमी. फिल्मवर चित्रित करून त्यांतील प्रत्येक चौकट मोठ्या पारदर्शक पत्र्यावर मुद्रित करण्यात आली. मग मुखवट्यांसारखे झाकणपट लावून मागून रंगीत प्रकाश सोडण्यात आला व तिचे पुन्हा छायाचित्रण करण्यात आले. या पत्र्यांच्या प्रकाशसंवेदनेत फरक पडल्याने काही दृश्ये लुकलुकतात. हा दोष झाकण्यासाठी तेथे विजेच्या खरखरीसारखे आवाज घालून तो कथेचाच भाग असल्याचा आभास निर्माण करण्यात आला.

मूल्यमापन : चित्रपटाला अपेक्षेइतके आर्थिक यश लाभले नाही. ऑस्कर पारितोषिकांसाठी त्याला वेशभूषा व ध्वनी या विभागांत नामांकने मिळाली, परंतु दृक्‌परिणामांच्या विभागात मिळाले नाही. संगणकाचा वापर ही एक प्रकारची लबाडी मानली गेली, असे लिस्बर्गर यांनी नंतर सांगितले. आज चित्रपट पुन्हा पाहताना या निर्णयातील विसंगती ध्यानात येते. संगणकाचा वाटा एकूण लांबीच्या जेमतेम सहाव्या भागाइतका होता; उरलेली ‘संगणकीय’ झळाळी शेकडो हातांच्या श्रमांतून आली होती. आकारांचा गुळगुळीतपणा व पृष्ठभागांचा एकसुरीपणा या तंत्राच्या मर्यादाच होत. परंतु कथाच संगणकाच्या आत घडत असल्याने त्या खटकत नाहीत. मॅगीतील केन पर्लिन यांना मात्र हा यांत्रिक कोरेपणा जाणवला. त्यावर त्यांनी शोधलेल्या गणिती पद्धतीमुळे दगड, ढग वा लाकूड यांचे नैसर्गिक पोत संगणकावर काढणे सुकर झाले. तिच्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. पूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला कथापट टॉय स्टोरी (१९९५) याचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनीही ट्रॉनचे ऋण मान्य केले आहे.

भारतीय संदर्भ : भारतात पडद्यावरील चमत्कारांची परंपरा दादासाहेब फाळके यांच्या लंकादहन (१९१७) व कालिया मर्दन (१९१९) इतकी जुनी आहे. मिस्टर इंडिया (१९८७) पर्यंत ती मुख्यतः कॅमेऱ्याच्या व यांत्रिक क्लृप्त्यांवरच अवलंबून होती. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आल्यानंतरही चित्रपटव्यवसायात ‘सी. पी. बेरार’ हे वितरणक्षेत्राचे नाव टिकून राहिले व अमरावती हे त्याचे एक केंद्र होते. या क्षेत्रातील सर्वसामान्य प्रेक्षक मुख्यतः हिंदी चित्रपटांचा. इंग्रजी विज्ञानपटांना भाषेचा अडसर होता. जुरासिक पार्क (१९९३) हा चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन आला, तेव्हा तो अडसर दूर झाला. परिणामी अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतील बहुसंख्य प्रेक्षकांना संगणकाची करामत प्रथम दिसली ती तिच्या प्रगत अवस्थेत. कॅमेऱ्याच्या क्लृप्त्या व हुबेहूब डायनोसॉर यांमधला टप्पा त्यांच्या पाहण्यात आलाच नाही. ट्रॉन हा त्या टप्प्याचा प्रातिनिधिक चित्रपट असून यंत्राच्या नावावर जमा झालेल्या मानवी श्रमांची तो साक्ष देतो. त्याचे उत्तरभाग ट्रॉन : लेगसी (२०१०) व ट्रॉन : एरीज (२०२५) हे होत.