गुन्हेगारी मालिका आणि घड्याळाचा कांटा

वर्तमानपत्र वाचक आपल्या सवडीनें उघडतो. परंतु दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पुष्कळ वर्षें ऐन घटकेला हजर राहणाऱ्यालाच लाभत असे. म्हणून कोणता कार्यक्रम कोणत्या वारीं व किती वाजतां दाखवावा, हें ठरविणें अमेरिकेंतील वाहिन्यांमध्यें एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसलें. या शास्त्रानें केवळ वेळा ठरविल्या नाहींत. गुन्ह्याची कथा कशी सांगावयाची, हेंही त्यानेंच ठरविलें.

एन. बी. सी., सी. बी. एस. यांसारख्या जुन्या वाहिन्या घरोघर फुकट दिसत आणि जाहिरातींवर जगत. त्यांचा खरा विक्रीचा माल कार्यक्रम नव्हे, तर प्रेक्षक होय. सायंकाळचे मोक्याचे तीन तास कसे भरावेत, याच्या युक्त्या ठरलेल्या होत्या. लोकप्रिय कार्यक्रमाच्या पाठोपाठ नवखा कार्यक्रम ठेवावयाचा, कारण प्रेक्षक जागेवरून सहसा उठत नाहीं. दुबळा कार्यक्रम दोन भक्कम कार्यक्रमांच्या मध्यें, खांबांना झोळी टांगावी तसा, टांगावयाचा. नोव्हेंबर, फेब्रुवारी व मे या महिन्यांत प्रेक्षकांची विशेष मोजणी होई व तिच्यावर जाहिरातींचे दर ठरत. म्हणून उत्कंठेचे प्रसंग त्या महिन्यांकरितां राखून ठेवीत.

वार बदलला कीं भाग्य बदलतें, असाही अनुभव येई. ‘सी. एस. आय.’ ही शास्त्रीय तपासाची मालिका सी. बी. एस. नें ऑक्टोबर २००० मध्यें शुक्रवारीं सुरू केली आणि फेब्रुवारी २००१ मध्यें ती गुरुवारीं आणली. आठवड्याअखेरच्या खरेदीपूर्वी व नव्या चित्रपटांच्या आदल्या रात्रीं जाहिरातदार अधिक पैसे मोजीत, म्हणून गुरुवार मोलाचा. पुढें दोन वर्षांत ती देशांतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरली. उलट १९८१ च्या जानेवारींत एन. बी. सी. नें आरंभिलेली ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस ठाण्याची मालिका पहिल्याच वर्षीं एका वारावरून दुसऱ्या वारावर फिरविली गेली आणि तिचा प्रेक्षकवर्ग बेताचाच राहिला. तरी वाहिनीनें तिला दुसरी संधि दिली, आणि त्याच वर्षीं तिला आठ एमी पारितोषिकें मिळालीं.

अशा व्यवस्थेंत एखादा आठवडा चुकलेला प्रेक्षक गोंधळून जाऊं नये, म्हणून बहुतेक गुन्हेकथा एका बैठकींत पुऱ्या होत. प्रारंभीं प्रेत सांपडावें, मध्यें संशय फिरावा आणि तासाच्या आंत गुन्हेगार हातीं लागावा. जाहिरातीपूर्वी दर वेळीं एक धक्का हवाच. सप्टेंबरपासून मेपर्यंत सुमारें २२ भाग करावे लागत. तेवढ्या घाईंत ठरीव सांचा सोयीचाच असे.

केबलवरील एच. बी. ओ. या वाहिनीनें हें गणितच बदललें. १९७२ मध्यें पेन्सिल्व्हेनियांतील विल्क्स-बॅरी येथें सुरू झालेली ही वाहिनी जाहिराती घेत नसे. ती घराकडून मासिक वर्गणी घेई. अमुक वाजतां किती लोक पाहतात यापेक्षां महिनाअखेरीस घर वर्गणी चालूं ठेवतें कीं नाहीं, हा प्रश्न तिला महत्त्वाचा. एकच भाग आठवड्यांत अनेकदां दाखवितां येई, म्हणून चुकलेला प्रेक्षक कायमचा चुकत नसे. भागही तेराच्या आसपास पुरत. जानेवारी १९९९ मध्यें ‘द सोप्रानोज’ सुरू झाली आणि रविवारची रात्र तिची झाली. २००७ पर्यंत तिचे ८६ भाग झाले.

या मोकळिकीचा खरा कस लागला तो ‘द वायर’ या मालिकेंत. २००२ च्या जूनमध्यें ती सुरू झाली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन हे बाल्टिमोरचे पूर्वींचे वार्ताहर, आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स हे त्याच शहरांतील माजी गुप्तपोलीस व नंतरचे शिक्षक. पहिले तेराही भाग एकाच तपासाचे. मग क्रमाक्रमानें बंदर, नगरकारभार, शाळा आणि वर्तमानपत्र. ६० भागांच्या अखेरीस असें ध्यानीं येतें कीं, गुन्हेगार एखादी व्यक्ति नसून साऱ्या शहराची घडी आहे. तिला प्रेक्षक थोडे आणि एमी एकही नाहीं. तरी ती २००८ पर्यंत चालली. केवळ प्रेक्षकांच्या मोजणीवर जगणाऱ्या वाहिनीला हें परवडणें कठीण होतें.

ए. एम. सी. ही केबलवाहिनी जाहिराती व केबलकंपन्यांकडील शुल्क या दोहोंवर चाले. तिची ‘ब्रेकिंग बॅड’ जानेवारी २००८ मध्यें सुमारें १४ लक्ष प्रेक्षकांनिशीं सुरू झाली. मागील भाग नेटफ्लिक्सवर सवडीनें पाहण्याची सोय होतांच नवे प्रेक्षक येऊन मिळाले, आणि २९ सप्टेंबर २०१३ चा शेवटचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनीं पाहिला. घड्याळाची सत्ता ढिली झाल्याचा हा ठळक पुरावा होय.

अशा कथेचा आस्वाद घेण्याची रीतही निराळी आहे. ‘खून कोणी केला?’ याऐवजीं ‘माणूस येथवर कसा आला?’ हा प्रश्न मनांत ठेवावा लागतो. पहिल्या भागांतील किरकोळ वाटणारें वाक्य दहाव्या भागांत फळाला येतें. म्हणून पहिल्या दोन-तीन भागांचा संथपणा सोसण्याची तयारी हवी. पूर्वी दोन भागांमधील आठवडाही उपयोगाचा होता: त्या अवधींत कथा मनांत मुरे आणि घरांत तिच्यावर वाद होत.

आज सर्व भाग एकदम हातीं येतात आणि वेळापत्रक ठरविण्याचें काम घराकडेच आलें आहे. केबलचे वर्गणीदार अमेरिकेंत घटत चालले आहेत. नेटफ्लिक्सनेंही २०२२ मध्यें जाहिरातींसह स्वस्त वर्गणी सुरू केली. म्हणजे जुनें गणित नव्या दारानें परत येत आहे. संथ व खोल कथेला उद्यां थारा मिळेल कीं नाहीं, हें वाहिन्यांच्या हिशेबाइतकेंच प्रेक्षकाच्या धीरावरही अवलंबून राहील. ज्या घरांत रात्रीं एक भाग पाहून दिवा मालवला जातो आणि दुसऱ्या दिवशीं त्यावर चर्चा होते, तेथें अशा कथेला तिचा योग्य श्रोता अजून आहे.