मुलांच्या हाती दोर देताना

डोंबाऱ्याचा खेळ पाहिला नाही असा माणूस आमच्या पिढीत विरळाच. बांबूच्या कैच्यांवर ताणलेला दोर, हातात आडवी काठी, खाली टणक जमीन आणि ढोलाच्या तालावर दोरावरून चालणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. खेळ संपला की तीच मुलगी थाळी घेऊन लोकांसमोर उभी राहत असे. तोल, धैर्य, एकाग्रता सारे तिच्यापाशी होते. नव्हती ती शाळा, आणि दोराखाली नव्हती ती गादी. दोर तिने निवडलेला नव्हता. भुकेने तो तिच्या पायाखाली घातला होता.

भारतीय संविधानाचे कलम २४ चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात, खाणीत वा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई करते. निवासी शाळेच्या मैदानावर आपण दोर टांगतो, तेव्हा या कलमामागील भावना स्मरणात ठेवावी. कौशल्य तेच असले, तरी येथे मुलाच्या जिवाची जबाबदारी मोठ्यांनी घेतलेली असते. शारीरिक शिक्षण आणि तमाशगिरी यांत हाच भेद आहे.

या विषयावर तथागतांनी दिलेला एक दृष्टान्त संयुत्त निकायातील सेदक सुत्तात आहे. बांबूवर कसरत करणारा एक कलावंत मेदकथालिका नावाच्या शिष्याला खांद्यावर घेतो आणि म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य नम्रपणे उत्तर देतो की, असे नव्हे. आपण प्रत्येकाने आधी स्वतःचा तोल सांभाळू, म्हणजे दोघेही सुखरूप खाली उतरू. तथागत शिष्याचे म्हणणे योग्य ठरवतात आणि पुढे सांगतात की, स्वतःला जपणारा दुसऱ्यालाही जपतो व दुसऱ्याला जपणारा स्वतःलाही. मूळ पालीत या कसरतपटूला ‘चण्डालवंसिक’ असा शब्द आहे. समाजाने ज्या कलेला हीन लेखले, तिच्यातून बुद्धांनी स्मृतीचा पाठ दिला, हे विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू.

आरंभ दोरीवरच्या उड्यांनी करावा. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोके वर ओढली असता ती मुलाच्या काखेपर्यंत यावीत. हे तिचे योग्य माप. उडी चवड्यांवर, गुडघे किंचित वाकवून आणि जमिनीपासून इंच-दोन इंचच घ्यावी. आपल्या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते. दोन्ही वेळी पाय मुरगळतो. म्हणून सरावाची जागा आधी स्वतः चालून पाहावी.

रस्सीखेच हा खेळ निरुपद्रवी वाटतो, पण त्यातील गंभीर इजा बहुधा एकाच चुकीने होतात: दोर हाताला, मनगटाला वा कमरेला गुंडाळल्याने. अचानक जोर आला की तो वेढा आवळतो आणि बोटे सुटत नाहीत. दोर केवळ मुठीत धरावा. नायलॉनचा गुळगुळीत दोर तळहात भाजतो. तो वापरू नये. जिंकल्यावर एकदम दोर सोडून देण्याची खोड तर पहिल्याच दिवशी मोडावी.

दोरीचा मल्लखांब हे महाराष्ट्राचे वैभव. पूर्वी वेत वापरीत; पुढे त्याची जागा सुती दोराने घेतली. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर पकडून शरीर तोलणे, हा त्याचा पाया. या विद्येचे ज्येष्ठ प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्यांनी अंध मुलींनाही ती शिकवली. शिकवण्याची रीत सुरक्षित असेल तर दोर कोणालाही परका नाही.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका शाळेत मी पाहिलेला प्रसंग आजही डोळ्यांपुढे आहे. एक मुलगा टाळ्यांच्या गजरात वर चढला, घाबरला आणि घसरत खाली आला. दोन्ही तळहातांची साल निघाली होती. आम्ही त्याला चढणे शिकवले होते, उतरणे नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: आधी उतरणे, मग चढणे. हाताखाली हात घेत, पायांची पकड न सोडता उतरता येईपर्यंत मुलाने स्वतःच्या उंचीवर जाऊ नये. मुलाला दोर देण्यापूर्वी शिक्षकाने आपले पूर्ण वजन टाकून तो तपासावा. खाली जाड गादी असावी. एका वेळी एकच मूल दोरावर आणि शिक्षक त्याच्या शेजारी. अंगठी, गळ्यातील दोरा, ओढणी आधी उतरवून ठेवावी. मुलाने ‘नको’ म्हटले, मुलीने अडचण सांगितली, तर कारण न विचारता ते मान्य करावे. भित्रा म्हणून हिणवलेले मूल ईर्षेने चढते, आणि तेच पडते.

गाठी शिकवताना निरगाठ आणि सुरगाठ यांतील फरक मुलांनी डोळे मिटूनही ओळखावा. पण सरकता फास माणसाच्या अंगावर, विशेषतः गळ्याभोवती, गंमत म्हणूनही टाकायचा नाही. हा नियम मी कठोरपणे पाळतो. मराठवाड्यातील कित्येक शेतकरी घरांत दोर हा शब्दच एका रिकाम्या झालेल्या जागेची आठवण देतो. अशा घरांतून आलेली लेकरे आपल्या वसतिगृहात झोपतात. त्यांच्यापैकी कोणी दोराला हात लावण्यास नकार दिला, तर ती अवज्ञा समजू नये. त्याला चेंडू द्यावा, शेजारी बसावे, वाट पाहावी.

सराव संपला की दोर उतरवून, मोजून, कुलपात ठेवावा. निवासी शाळेत हे काम मुलांवर सोपवू नये. ते शिक्षकाचेच आहे.

पालकहो, आपली मुलगी स्नेहसंमेलनात दोरावर आसन लावील, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवा. पण क्षणभर दोराखालीही पाहा. तेथे गादी आहे ना, शिक्षक उभे आहेत ना, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. चौकातल्या त्या मुलीसाठी हे विचारणारे कोणी नव्हते.