हिरवी चमक काय सांगते आणि काय सांगत नाही

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, म्हणजे फळमाश्या, प्रयोगशाळेत हिरव्या चमकतात हे ऐकले की काजवा आठवतो. पण काजवा स्वतः उजेड तयार करतो. या माशीवर निळा प्रकाश टाकावा लागतो. तो शोषून तिच्या पेशींतले एक प्रथिन हिरवा प्रकाश सोडते. दिवा बंद की चमक बंद.

हा रंग सुईने टोचलेला असतो, हेही खरे नाही. ओसामु शिमोमुरा यांना १९६२च्या सुमारास जेलीफिशमध्ये सापडलेल्या या प्रथिनाचे जनुकच माशीच्या डीएनएत बसवतात, त्यामुळे ते पुढच्या पिढ्यांत वारशाने उतरते. १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जीवाणूत आणि सूत्रकृमीत चालवून दाखवले; त्याच वर्षी ते फळमाशीतही चमकले.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे, चमक दिसली की, ती ज्या जनुकाला जोडली त्याचे काम कळले. चमक फार तर एवढे सांगते की जनुक त्या पेशीत चालू आहे, किंवा मघाशी होते. प्रथिन तासन्‌तास टिकते आणि माशीची अळी तर साधारण दिवसभरात अंड्याबाहेर येते, त्यामुळे हा ‘मघाशी’ दुर्लक्षून चालत नाही.

काम कळायला जनुक बिघडवावेच लागते. पण सगळीकडे बिघडवले तर माशी बऱ्याचदा जन्मालाच येत नाही. म्हणून एक सुरेख युक्ती योजतात. गुणसूत्राच्या एका प्रतीवर बिघडलेले जनुक, दुसरीवर शाबूत जनुक आणि सोबत हिरवी खूण. पेशी विभागताना यीस्टमधले एक विकर या प्रतींचे तुकडे अदलाबदल करते. मग एका कन्यापेशीकडे दोन्ही बिघडलेल्या प्रती जातात. ती काळी दिसते. तिच्या जुळ्या बहिणीकडे दोन्ही शाबूत. ती दुप्पट उजळ. शेजारणी मध्यम. दोघींची प्रजा शेजारी-शेजारी वाढते आणि तुलना आयती हाती येते. काळा डाग खुरटला तर ते जनुक वाढीला किंवा जगायला लागते. फोफावला तर ते वाढीला लगाम घालत होते. २००३मध्ये वर्णन झालेल्या ‘हिप्पो’ जनुकाबाबत काळे डागच फोफावले होते. म्हणजे इथे बघायचे ते अंधाराकडे!

१९९९मध्ये झुमिन ली आणि लिकुन लुओ यांनी हे उलटवले. त्यांच्या पद्धतीत एक दाबक प्रथिन इतर सर्व पेशींची चमक रोखून धरते. ते फक्त बिघडलेल्या पेशींतून नाहीसे होते आणि तेवढ्याच पेशी, चेतापेशी असतील तर फाट्याफाट्यांसह, उजळतात.