चढावर दम तोडणारा जीपचा वायपर

मृगाचा पाऊस सुरू झाला की जुनी पेट्रोल जीप बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "सपाटीला वायपर झकास चालतो, चढ लागला की मरतो." अहमदपूर, कंधार, मुखेडकडचे बालाघाटाचे चढ ज्यांनी पावसात पार केलेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. समोरचे नीट दिसायला हवे, नेमकी तेव्हाच काच आंधळी होते.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घडणीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत वायपर विजेवर नव्हे, तर इंजिन हवा ओढते त्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. अॅक्सिलेटर दाबला की कार्बोरेटरची झडप उघडते, ओढ कमी होते आणि वायपर मंदावतो. हा त्याचा स्वभावच आहे. पण नळी गळकी असली तर दुखणे फार वाढते. म्हणून पेरणीची घाई सुरू होण्याआधी एवढे करून घ्यावे :

१) इंजिन संथ चालू ठेवून वायपरकडची नळी काढा, तोंडाला अंगठा लावा. ओढ जाणवली नाही तर नळी फाटलेली किंवा मॅनिफोल्डकडचे भोक तुंबलेले समजा. चिरलेली रबरी नळी बदला, क्लिपा आवळा.

२) ओढ चांगली असूनही वायपर अडतो? मग मिस्त्रीकडून मोटार उघडून साफ करून घ्या. आतली पट्टी सुकली की हवा गळते.

३) काही जीपांत पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा जादा कप्पा असतो. तो चढावर मदत करतो. पंप बदलताना साधा पंप बसवला तर ही मदत जाते.

४) एकमार्गी व्हॉल्व्ह लावून छोटी टाकी जोडली तर थोडा वेळ ओढ टिकते. टाकी जाड पत्र्याची हवी, पातळ डबा आत चेपतो.

डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला ही ओढ मिळतच नाही. ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीतून जोड मुळीच काढू नका. ब्रेक कमजोर होईल. तिथे विजेची मोटारच बसवावी. बॅटरी ६ व्होल्टची की १२ ची, हे आधी पाहावे.

तोवर चढावर काच धूसर झाली तर ओव्हरटेक करू नका. क्षणभर पाय सैल सोडा. वायपर फिरेल, रस्ता दिसेल. गाडीत माणसे बसलेली असतात, हे विसरू नका.