कातळ लागला, की नुसता गोटा?

बऱ्हाणपुरात तापी ओलांडून जैनाबादला गेलात, की आहूखाना या जुन्या बागेची गोष्ट कुणी ना कुणी सांगतोच. जून 1631 मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तिला आधी इथल्याच बागेत पुरले. शाहजहानला ताजमहालही तापीकाठीच बांधायचा होता, पण माती वाळवीची निघाली म्हणून बेत आग्र्याला गेला. या शेवटच्या भागाला इतिहासाचा आधार नाही. तरी दंतकथा मला आवडते, कारण तिच्यातला बादशहा नकाशा पास करण्याआधी जमीन बघतो. आपल्याकडे बऱ्याचदा उलटे चालते. आणि आग्र्याला तरी कुठे कातळ होता? यमुनेच्या वाळूत विहिरी उतरवून, त्या दगड-चुन्याने भरून ताजच्या नदीकडच्या चौथऱ्याचा पाया घेतलेला आहे. मऊ जमिनीवर बांधता येते. ती किती खोलवर मऊ आहे, हे मात्र आधी कळले पाहिजे.

बऱ्हाणपूरची जमीन या बाबतीत भलतीच फसवी. उत्तरेला सातपुडा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. त्याच्या पायथ्याशी खचलेल्या खोऱ्यात नद्यानाल्यांनी आणून टाकलेला गाळ. तापी-पूर्णा खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरहून जाड आहे. डोंगराला लागून दगडगोटे आणि रेतीचा पट्टा आहे, त्याला भूशास्त्रज्ञ बजाडा म्हणतात. नदीकडे सरकावे तशी पिवळी चिकण माती येते, आणि वर पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी कापसाची जमीन. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांनाही हीच रचना ओळखीची आहे, कारण त्यांच्या बोअरचे पाणी तिच्यावरच ठरते.

पूल, पाण्याची टाकी किंवा चार मजली इमारत बांधायची, तर दोन-चार बोअर मारून नमुने काढतात. बोअरला पर्याय नाही, हातात खरीखुरी माती तेवढ्यानेच येते. पण बोअर म्हणजे वीतभर रुंदीचे भोक. दोन बोअरच्या मध्ये काय आहे, ते कागदावर सरळ रेघ ओढून ठरवले जाते. बजाड्यात ही रेघ सहज चुकू शकते. उतरता उतरता बिट अडते, काळ्या पाषाणाचे तुकडे वर येतात, 'कातळ लागला' म्हणून काम थांबते. प्रत्यक्षात तो एखाद्या जुन्या पुरात वाहत आलेला दीड-दोन मीटरचा गोटा असतो आणि त्याखाली पुन्हा रेती. इमारत सगळीकडे सारखी खचली तर फार बिघडत नाही. एक खांब गोट्यावर आणि शेजारचा गाळात असला, की भिंती तिरक्या तडकतात.

भूभौतिक सर्वेक्षणाची किंमत इथे कळते. त्यातली रेझिस्टिव्हिटी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पाणाड्याचा नारळ फिरून झाला की तेच यंत्र शेतात येते. लोखंडाच्या चार खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या दूर नेल्या की प्रवाह अधिक खोलातून जातो. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी 1912 मध्ये जमिनीत वीज सोडून असे प्रयोग केले, त्यांचे नाव या मांडणीला आजही आहे. दख्खनच्या पठारावर काळी ओली माती साधारण 5 ते 10 ओहम-मीटर दाखवते, पाणी धरलेला झिजका दगड 20 ते 45, आणि घट्ट काळा पाषाण 70 च्या वर.

दुसरी पद्धत हातोड्याची. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पाटावर घण मारायचा आणि रेषेवर मांडलेल्या जिओफोनपर्यंत लहर किती वेळात पोचते ते टिपायचे. सुट्या मातीत ती सेकंदाला तीन-चारशे मीटर जाते, मुरमात हजार-दोन हजार, ताज्या बसाल्टमध्ये पाच हजारांच्या आसपास. सलग कातळ सगळ्या रेषेवर हा वेग दाखवतो. एकट्या गोट्याला ते सोंग जमत नाही. दोन्ही पद्धतींसाठी भारतीय मानके आहेत, लहरींसाठी आयएस 15681 आणि रेझिस्टिव्हिटीसाठी आयएस 15736.

मात्र यंत्र आणले म्हणजे निकाल लागला, असे समजणारेही फसतात. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल, मऊ मातीचा पट्टा दडलेला असतो. हातोड्याची पद्धत धरून चालते की खोल जावे तसा वेग वाढतो. टणक दगडाखालचा मऊ थर तिला दिसतच नाही, आणि त्याखालचे सगळे ती आहे त्यापेक्षा खोल दाखवते. रेझिस्टिव्हिटीला चिकण माती आणि पाणी भरलेली भेग यांतला फरक नेहमीच कळत नाही. ग्राउंड रडार तर काळ्या ओल्या मातीत मीटर-दीड मीटरवरच मान टाकते. म्हणून दोन पद्धतींची रेघ आधी मारावी, जिथे त्यांचे पटत नाही नेमका तिथे बोअर घ्यावा. पैसे कमी असतील तर बोअर कमी करा, पण जागा शहाणपणाने निवडा, असे माझे मत.

शहरात अडचण वेगळीच. बऱ्हाणपूर पॉवरलूमचे गाव, मागांचा धडधडाट जिओफोनमध्ये हातोड्याआधी पोचतो, पुरलेले लोखंडी पाइप वीज पळवतात. पृष्ठलहरींच्या पद्धतीत मागांचा आणि रहदारीचा हा गोंधळच स्रोत म्हणून वापरता येतो, शिवाय टणक थराखालचा मऊ थरही तिला जाणवू शकतो. तिच्यातून जमिनीचा ताठपणाही कळतो. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्या भागात पाया काढताना ताठपणाचा हा आकडा हाताशी असलेला बरा.

भुसावळ-खांडवा तिसऱ्या आणि चौथ्या रेल्वेमार्गाला, 131 किलोमीटरच्या, केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तो याच पट्ट्यातून जाणार. आणि शहराच्या भोवती आणखी एक गोष्ट जमिनीखाली आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याचे झिरपते पाणी हलक्या उताराच्या भुयारांत अडवून शहरात आणले गेले. कुंडी भंडारा त्यातलाच. मार्च 2024 मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. जुन्या गॅझेटियरमध्ये अशा आठ जलयोजना नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन फार पूर्वीच नष्ट झाल्याचेही लिहिले आहे. नष्ट झालेल्या भुयाराची पोकळी मात्र जमिनीत राहू शकते: कोरडी असेल तर रेझिस्टिव्हिटी एकदम चढते, पाण्याने भरलेली असेल तर उतरते. शहराच्या उत्तरेला तळघर खणायला निघालेल्या बिल्डरने त्या प्लॉटवरून एक रेघ तरी मारून घ्यावी.