पाच हजार सैनिक आणि शाळेचा संगणक

राणी चन्नम्मा आपल्या काकतीची लेक. तिच्या लढाईवर संगणकाचा खेळ करावा, असे इथल्या मुलांना वाटणे साहजिकच आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तो प्रसंग पडद्यावर आणायचा तर सैन्य हवेच. पन्नास सैनिक छान धावतात. पाच हजार उभे केले की चित्र अडखळते आणि संगणक जुना झाला असे आपण म्हणतो. नवे संगणक मागण्याआधी काम सांगण्याची पद्धत तपासावी, असे आम्हांला वाटते.

हालचाल सलग दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे उमटवायची, तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येक सैनिकाने कुठे जायचे ते ठरवायचे आणि त्याला रेखाटायचेही.

रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते, पण हुकूम मुख्य प्रोसेसर देतो. प्रत्येक सैनिकासाठी वेगळा हुकूम म्हणजे एकेका जिनसासाठी दुकानात वेगळी खेप. त्यापेक्षा यादी द्यावी. ‘गोडो’ या मोफत गेम इंजिनात ‘मल्टिमेश’ नावाची सोय आहे. सैनिकाचा नमुना एकदाच द्यायचा, सोबत प्रत्येकाची जागा आणि दिशा सांगणारे १२ आकडे. पाच हजारांची ही यादी सुमारे २ लाख ४० हजार बाइट्सची होते, एखाद्या छोट्या फोटोएवढी! पुढचे काम कार्ड पाहते.

आता ठरवण्याचे काम. गोडोची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, शिकायला सोपी. पण ती दुभाष्यामार्फत चालते. कचेरीतला कन्नड कागद घरी कोणी ओळ-ओळ मराठीत सांगत बसावे, तसे. एकदा ऐकायला ठीक, पण सेकंदाला तीन लाख वेळा? सी प्लस प्लसमधला मजकूर मात्र आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ पासून ‘जीडीएक्स्टेन्शन’ने असा भाग इंजिनाला बाहेरून जोडता येतो, इंजिन पुन्हा बांधावे लागत नाही. सगळ्या जागा एका ओळीत मांडून ठेवायच्या, सी प्लस प्लसने त्या बदलायच्या आणि अख्खी ओळ एकदम मल्टिमेशला द्यायची.

तरीही हिशेब चुकला तर वेगवान भाषाही हात टेकते. प्रत्येक सैनिकाने ‘माझ्याजवळ शत्रू कोण?’ म्हणून उरलेल्या सर्वांकडे पाहिले, तर एका चित्रासाठी सुमारे अडीच कोटी तपासण्या होतात. म्हणून रणांगणाचे शेतातल्या वाफ्यांसारखे चौकोन पाडतात. सैनिक आपला आणि शेजारचे आठ चौकोन तेवढे बघतो. हे मुलांनी आधी कागदावर करून पाहावे. सी प्लस प्लस नंतर.

मल्टिमेशची एक खोडही आहे. त्यातले सैनिक एक तर सगळे रेखाटले जातात, नाहीतर एकही नाही. कॅमेऱ्यापुढे दहाच असले तरी बाकीच्यांचा भार पडतोच. त्यावर उपाय म्हणजे सैन्याच्या तुकड्या पाडून प्रत्येकीला वेगळा मल्टिमेश देणे. शिवाय सगळे एकाच वेळी डावा पाय उचलतात, ते कवायतीत शोभेल, लढाईत नाही. त्यासाठी यादीत प्रत्येकापुढे आणखी चार आकडे जोडता येतात. त्यांतल्या एकाने पाऊल केव्हा पडायचे ते ठरते.