पाटीवरची सरस्वती



दसरा जवळ आला की आपल्या वर्गात पाटीपूजनाची गडबड सुरू होते. पण आपण हे सगळे का करतो, हे पुष्कळांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हते. म्हणून हा लेख.

दसरा म्हणजे आश्विन शुद्ध दशमी. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी ज्याने आपले पोट चालते त्या हत्याराची पूजा करतात. आपल्या राहुरी भागात शेती जास्त. म्हणून घरोघर विळा, खुरपे, कुऱ्हाड धुऊन-पुसून मांडतात. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात. सुतार पटाशी पुजतो, शिंपी मशीन पुजतो. मग आपले, म्हणजे विद्यार्थ्यांचे हत्यार कोणते? पाटी, पुस्तक आणि वही! म्हणून आपण पाटीवर एकाचे आकडे ओळीने मांडतो, ते रेघांनी जोडतो आणि सरस्वतीचे चित्र काढतो. त्यावर हळदकुंकू, फूल वाहतो. सरस्वती ही विद्येची देवता. तिच्या हातात वीणा आणि पुस्तक असते.

मग आपण संस्कृत श्लोक म्हणतो. त्याच्या शेवटी ‘जाड्य’ असा शब्द येतो. मला वाटायचे, अंगाचा जाडपणा जाऊ दे असे आपण मागतो! वर्गातला एक जाडा मुलगा तर तो श्लोक फार मोठ्याने म्हणायचा. गुरुजींना विचारले तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, “अरे, जाड्य म्हणजे बुद्धीचा जडपणा, मंदपणा. तो सगळा जावो असं मागणं आहे.” तेव्हा कळले, की अर्थ न विचारता पाठ केले तर देवाकडे भलतेच मागितले जाते.

आता एक चूक सांगतो. ती माझीच आहे. मागच्या खंडेनवमीला माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने हात जोडले नाहीत. त्याच्या घरी नाताळ असतो. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “ए, तू हात का नाही जोडले?” सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने मान खाली घातली. प्रसादही घेतला नाही. घरी आजीला सांगितले, तर ती मलाच रागावली. म्हणाली, “जबरदस्तीनं देव पावत नसतो रे बाबा.”

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला संविधानातली गोष्ट समजावली. २६ जानेवारी १९५० पासून आपले संविधान लागू आहे. त्यातले २८ वे कलम शाळेविषयी आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारच्या पैशावर चालते, तिथे कोणत्याही एका धर्माचे शिक्षण देता येत नाही. सरकारी मान्यतेच्या शाळेत कोणालाही पूजेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. आपली जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांच्या कराच्या पैशावर चालते. माझ्या मित्राचे वडीलही तो कर भरतात.

मग सणांची माहितीच द्यायची नाही का? तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले, की निरनिराळ्या धर्मांची माहिती देणे वेगळे आणि एका धर्माचे शिक्षण देणे वेगळे. माहिती द्यायला हरकत नाही. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. त्यांच्यावर तशी सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले. मोठ्या माणसाला जे लागू, ते लहानालाही लागू नको का?

आपल्या राहुरीतच याचे एक छान उदाहरण आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे काही वर्षे राहत होते. त्यांचा जन्म १८६१ सालचा, ब्राह्मण घरातला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. येशूची भक्ती त्यांनी आपल्या मराठी अभंगांतून गायिली. देव बदलला, पण बोली आणि चाल आपलीच राहिली.

यंदा मी मित्राची माफी मागितली. खंडेनवमीला त्याने आमच्याबरोबर वर्ग झाडला, झेंडूच्या माळा ओवल्या. पूजेच्या वेळी तो आपले पुस्तक घेऊन ओट्यावर बसला. कोणी काही बोलले नाही. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून पेढा खाल्ला. नाताळात तो आम्हाला त्याच्या घरचे भजन ऐकवणार आहे. ईदचे सांगायला दुसरी मैत्रीण तयार आहे.

पालकांनो, आपले मूल पूजेला बसावे की नाही, हे गुरुजींना मोकळेपणाने सांगा. आणि मित्रांनो, श्लोक म्हणायचा तर अर्थ विचारून म्हणा. शेजारच्याचे हात मात्र बघू नका. चूकभूल द्यावी घ्यावी.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी